पिवळा मका

१४ जून २०१९

शाळेला नोव्हेंबरात पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होतात. अमृतमहोत्सव समितीने ठरवलंय की शाळेतून बाहेर पडून नाव काढलेल्या पंच्याहत्तर माणसांचं पुस्तक छापायचं, आणि ते मी लिहायचं. अध्यक्ष सेथ ग्बेकोर स्वतः घरी येऊन सांगून गेला. चौकात त्याचं औषधाचं दुकान आहे. माझ्या हाताखालून गेलेला मुलगा. त्याचं अक्षर तेव्हाही कुणाला लागत नसे, आता औषधांच्या पाकिटांवर तेच चालतं.

म्हणाला, "बाई, तुमच्याइतकी माणसं गावात कुणाला ठाऊक आहेत?" सत्याहत्तराव्या वर्षी कुणी काम घेऊन दारात आलं की बरं वाटतं, ते कशाला नाकारू? ही वही त्यासाठीच काढली. कोण कधी काय बोललं ते लिहून ठेवलेलं बरं. पंच्याहत्तर नावं म्हणजे निदान पंच्याहत्तर भांडणं.

सुरुवातीची दोन पानं माझ्या नवऱ्यावर, थोरल्या सेलॉर्मच्या वडिलांवर, असतील. ते बावीस वर्षं मुख्याध्यापक होते, अजून गाव त्यांना 'आव्होर सर' म्हणूनच ओळखतं. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "पंच्याहत्तर माणसं चांगली निघाली असती तर गावचा रस्ता असा नसता." आणि रेडिओ लावला.

२ जुलै

एकेचाळीस नावं झाली. दोन डॉक्टर, एक बिशप, राष्ट्रीय संघातून खेळलेला एक फुटबॉलपटू, लंडनला ढोल शिकवणारा एक, विणकर डोटसे (त्याचं कापड परदेशात भिंतीवर टांगतात म्हणे, आम्ही नेसतो), पूल बांधणारी एक इंजिनियर. संसदेत गेलेले तिघं, त्यांतला एक तुरुंगातही गेला. त्याचं काय करायचं ते समितीवर सोडलंय.

आपल्या माणसांच्या परदेशात जन्मलेल्या मुलांना घ्यायचं का, यावर सभेत दोन तास गेले. हॅम्बुर्गला एक मुलगी नौकानयनात पदकं मिळवते, तिचे वडील आमचे विद्यार्थी. तिला आमची भाषा येत नाही. शेवटी विणकर डोटसे म्हणाला, "धागा आपला असेल तर कापड कुठंही विणा." ती आली यादीत.

रोज कुणी ना कुणी येतं. काल एक गृहस्थ मासळी घेऊन आले आणि सहज आठवल्यासारखं करून म्हणाले की एके वर्षी ते राष्ट्रीय संघाचे राखीव गोलरक्षक होते. मैदानात उतरले होते का, विचारलं. म्हणाले, उतरायची वेळच आली नाही. मासळी परत केली. सेलॉर्मचे वडील म्हणाले, मासळी तरी ठेवून घ्यायची होतीस.

१९ जुलै

आक्राहून लिझीचा फोन आला. ८३च्या तुकडीतली, आता शाळा-तपासनीस आहे. यादी वाचून दाखवली. शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "आणि जिग्बोदी न्याकू?"

मला क्षणभर नाव आठवलंच नाही. मग आठवलं.

लिझी म्हणाली, ती गांबियात आहे, बांजुलला, उच्च न्यायालयाची न्यायाधीश. गेल्या वर्षी तिने एका मंत्र्याच्या विरोधात निकाल दिला, तेव्हा पेपरात फोटो आला होता. मी म्हटलं, लिझी, तिला शाळेने काढलं होतं, चोरीसाठी. लिझी म्हणाली, "ठाऊक आहे बाई. वसतिगृहात मी त्याच खोलीत झोपायचे." आणि दुसरंच काही बोलायला लागली.

२१ जुलै

ग्बेकोरला न्यायाधीश हवीच आहे. म्हणतो, सगळं आहे आपल्याकडे, न्यायाधीश तेवढा नाही. पण सेलॉर्मचे वडील ऐकायला तयार नाहीत. इतके चिडलेले मी त्यांना पुष्कळ दिवसांनी पाहिलं. "जिने शाळा पुरी केली नाही ती शाळेची कशी? तिचं नाव घालायचं असेल तर माझं काढ." जेवले नाहीत. तत्त्वाला पक्का माणूस. शहाऐंशीव्या वर्षीही चोरीचा राग तसाच.

मला त्या मुलीचा राग कधी आला नाही, वाईट वाटलं होतं. १९८३ साल. पाऊस नाही, शेतं वणव्यात जळालेली, परदेशातून, लागोसहून हाकललेली आपली माणसं ट्रक भरभरून परत आलेली, आणि बाजारात टोपल्या उपड्या. सगळ्यांच्या गळ्याची हाडं वर आली होती. आमची शाळा चालू राहिली ती बाहेरून आलेल्या मदतीच्या मक्यावर. पिवळा मका. त्याआधी आमच्या भागात कुणी पिवळा मका पाहिला नव्हता, आमचा पांढरा. स्वयंपाकीण म्हणाली होती, हा तर कोंबड्यांचा. पण मुलं ताटं चाटून पुसून ठेवत.

कोठी माझ्या ताब्यात होती. दोन चाव्या, एक माझ्याकडे आणि एक मुख्याध्यापकांच्या खणात. एप्रिलमध्ये आमची धाकटी काफुई आजारी पडली, दोन वर्षांची होती, पाय सुजून तकतकीत झाले होते. मला घर सोडता येईना म्हणून माझी चावी जिग्बोदीकडे दिली. ती कोठीची प्रमुख, हुशार, शब्दाला पक्की. मग दोन पोती कमी भरली. सर्व शाळेसमोर सरांनी मला विचारलं, त्या आठवड्यात चावी कुणाकडे होती? मी म्हटलं, जिग्बोदीकडे. खरं होतं ते. परीक्षेला सहा आठवडे होते.

२६ जुलै

शाळेत जाऊन जुनी नोंदवही पाहिली. वाळवीने कडा खाल्ल्यात, पण पान शाबूत. सेलॉर्मच्या वडिलांचं सुंदर तिरकं अक्षर. '९ मे १९८३. कु. जिग्बोदी न्याकू, वय १७. कोठीतील मक्याच्या चोरीबद्दल नाव कमी केले. विद्यार्थिनीने काहीही सांगण्यास नकार दिला.'

हे शेवटचं वाक्य मला आठवत नव्हतं. तिची आई खाडीपलीकडून होडीने आली होती, ते मात्र आठवतं. सकाळपासून ऑफिसबाहेर जमिनीवर बसून होती. सर भेटले नाहीत. दुपारी पोरीची पेटी डोक्यावर घेतली आणि गेली. मी आवारातल्या आमच्या घराच्या खिडकीतून पाहिलं. काफुई मांडीवर होती, उठता आलं नाही.

४ ऑगस्ट

सेलॉर्मचा कुमासीहून रविवारचा फोन. त्याला सहज ८३ सालाबद्दल विचारलं, तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. हसून म्हणाला, "आई, ते पिवळं आक्पले. दार लावून खायचो आपण. बाबा म्हणायचे, हातावर पीठ घेऊन बाहेर जाऊ नका, आधी धुवा."

त्याची गल्लत होतेय. पिवळं आक्पले, त्या मक्याच्या पिठाचा घोटलेला गोळा, शाळेच्या भोजनगृहात होत असे. आमच्या घरी जो मका आला तो सेलॉर्मच्या वडिलांच्या भावाने, फोलीने, क्पांडोहून पाठवला होता. शेतकरी माणूस. तो मका आला नसता तर काफुई राहिली नसती, हे मी चर्चमध्ये उभं राहून सांगितलेलं आहे. फोली गेला तेव्हा अंत्यविधीलाही सांगितलं.

नऊ वर्षांच्या मुलाची आठवण ती काय धरायची!

११ ऑगस्ट

हो या गावी एका अंत्यविधीसाठी गेले होते. तिथे जाऊबाई भेटल्या, फोलीची बायको. आता डोळ्यांना दिसत नाही, पण जीभ तशीच. म्हटलं, ८३ साली तुम्ही मका पाठवलात त्याचे आभार मी जन्मभर मानेन. त्या म्हणाल्या, "कुठला मका? फेब्रुवारीत वणवा आला. आमचं कोठार जळलं, बकऱ्या जळल्या. आम्ही रानातले कंद खणून खात होतो. तूच काही पाठवशील म्हणून वाट पाहिली मी." आणि जरा टोचून म्हणाल्या, "मास्तरीणबाई ना तू."

वय झालं की आठवणी सरमिसळ होतात. मी वाद घातला नाही.

१२ ऑगस्ट

विणकर डोटसेचं टिपण पूर्ण केलं. बिशपचं अर्धं. हात चालत नाही.

१७ ऑगस्ट

जे झालं ते झालं तसं लिहिते.

सकाळी आक्पले घोटत होते. पाणी उकळलं, पीठ घातलं, आणि पांढऱ्या पिठाकडे बघत राहिले. ८३ साली गावात डिझेल नव्हतं, गिरणी बंद होती. तो मका मी घरी दगडावर वाटला होता. माझ्या या हातांनी, ओंजळीने घेऊन. तीस वर्षं गृहशास्त्र शिकवलं. धान्य ओळखणं हा पहिला धडा.

पातेलं खाली उतरवलं आणि अंगणात गेले. सेलॉर्मचे वडील कडुनिंबाखाली खुर्चीवर होते, रेडिओ मांडीवर. मी रेडिओ बंद केला आणि विचारलं, फोलीने मका पाठवला होता का?

त्यांनी रेडिओ खाली ठेवला. मग म्हणाले, "काफुईचे पाय सुजले होते."

मी उभीच राहिले. त्यांनी सांगितलं, तेही अगदी थोडक्यात, जसं तपासनिसाला सांगतात तसं. एका रविवारी सगळी शाळा चर्चला गेली असताना ते तापाचं कारण सांगून मागे राहिले, खणातली चावी काढली आणि हातगाडीवरून दोन पोती घरी आणली. दहा मिनिटांचं काम. पुढच्या आठवड्यात मोजणी होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. झाली. मग कुणाचं तरी नाव घेणं भाग होतं. मुख्याध्यापकच चोर निघाला असता तर मदत थांबली असती, शाळा बंद पडली असती, चारशे मुलं उपाशी घरी गेली असती.

मी म्हटलं, "आणि ती?"

म्हणाले, "एक होती ती." मग माझ्याकडे पाहिलं. "तू वाटलास तो मका. महिनाभर वाटत होतीस. एकदाही विचारलं नाहीस."

मी आत आले. आक्पले गार होऊन घट्ट झालं होतं, तेच वाढलं. दोघांनीही खाल्लं. खाणार नाही म्हणण्याचा हक्क कुणाला होता?

१८ ऑगस्ट

चर्चला गेले नाही. मला खरंच माहीत नव्हतं का? आज दिवसभर हाच प्रश्न. उत्तर असं की तो मका पिवळा आहे हे माहीत होतं आणि तो कुठून आला हे माहीत नव्हतं, आणि या दोन गोष्टी मी छत्तीस वर्षं एकमेकींच्या जवळ येऊ दिल्या नाहीत. हे लिहितानाही हात थांबतोय. पण वही याचसाठी काढली होती. जे घडेल ते लिहायचं.

आणखी एक. त्या एप्रिलमध्ये काफुईला पाठीशी बांधून दवाखान्यात कोण नेत असे? जिग्बोदी. मला ताप होता, ती शाळा सुटल्यावर येई आणि पोरीला बांधून तीन मैल चालत जाई. हे आजपर्यंत आठवलं नाही असं नाही. या गोष्टीशेजारी ठेवून पाहिलं नव्हतं, एवढंच.

२५ ऑगस्ट

काफुई तेमाहून दोन दिवसांसाठी आली. ती परिचारिका आहे, रजा मिळत नाही सहज. लिझीकडून न्यायाधीशबाईंचा पत्ता मिळाला, ईमेल. मला ते जमत नाही, म्हणून मी सांगत गेले आणि काफुई फोनवर लिहीत गेली. आधीच सांगायला हवं होतं तिला. धीर झाला नाही. वाटलं, लिहिता लिहिता कळेल.

'तेव्हा काफुईचे पाय सुजले होते' इथं तिचा अंगठा थांबला. मग म्हणाली, "पुढं सांग." मी सांगितलं. तिने शेवटपर्यंत लिहिलं, मला वाचून दाखवलं, एका ठिकाणी मी 'चूक' म्हटलं होतं तिथं विचारलं, "चूक म्हणायचं आहे तुला?" मी म्हटलं, गुन्हा लिही. तिने लिहिलं आणि पाठवलं.

रात्रीचं जेवण तिने केलं. वडिलांना वाढलं, त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. आज पहाटेच्या गाडीने गेली.

९ सप्टेंबर

उत्तर आलं. काफुईने छापून एका ड्रायव्हरबरोबर पाठवलं. उतरवून ठेवते.

'बाई, तुमचं पत्र मिळालं. चाव्या दोन होत्या. एक माझ्याकडे होती आणि मी काही घेतलं नव्हतं. तेव्हा कुणी घेतलं ते मला त्याच सकाळी कळलं होतं. मी बोलले नाही, कारण कुणी विश्वास ठेवला नसता, आणि त्या बाळाचं वजन माझ्या पाठीला ठाऊक होतं. मोठेपणा म्हणून हे सांगत नाही. सतरा वर्षांची होते, एवढंच सुचलं.

पुस्तकात माझं नाव घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला त्याने काही फरक पडत नाही. घेतलंत तर एक करा, अन्याय झाला म्हणून मी कायद्याकडे वळले असं लिहू नका. लोकांना असलं फार आवडतं. मी आफ्लाओला पाव विकून बाहेरून परीक्षा दिली. पुढे विद्यापीठात कायद्याला जागा शिल्लक होती म्हणून कायदा घेतला.

माझी आई एक्याण्णव वर्षांची आहे. ती परवापरवापर्यंत तुमच्या गावच्या बाजारात धुरी दिलेली मासळी विकत होती. छत्तीस वर्षांत तिच्या शेजारी कुणी टोपली सोडून पाणी प्यायला गेलं नाही. मी तिला कितीदा इकडे बोलावलं. ती म्हणते, आता गाव सोडलं तर लोक म्हणतील, खरंच होतं म्हणून पळाली.

मला काही सांगायची गरज नाही. तिला सांगा.

जि. न्याकू'

सेलॉर्मच्या वडिलांसमोर ठेवलं. चष्मा लावून दोनदा वाचलं. घडी घातली, मला परत दिलं. म्हणाले, "तेव्हाही तिचं व्याकरण शुद्ध असायचं."



  

२० सप्टेंबर

समितीची सभा. मी पुस्तकाची संपूर्ण प्रत घेऊन गेले. जिग्बोदी न्याकू हिचं टिपण सत्तेचाळिसावं आहे, एक पान. त्यात तिने जे केलं ते लिहिलंय, आणि शाळेने तिला न केलेल्या चोरीसाठी काढलं हेही. पहिल्या दोन पानांत मुख्याध्यापक आव्होर यांच्याविषयी लिहिलंय की त्यांनी शाळेला विहीर, प्रयोगशाळा आणि शिस्त दिली. त्यांनी १९८३ साली कोठीतला मका आपल्या घरी नेला, त्याची शिक्षा एका विद्यार्थिनीला दिली, आणि तो मका त्यांच्या पत्नीने शिजवला.

ग्बेकोरने ती पानं वाचली. मग तो उठून माझ्या शेजारी येऊन बसला. वाईट माणूस नाही तो. म्हणाला, "बाई, ते कोठार कुठं आहे आता?" कोठार, जुनं भोजनगृह, मुलींची खोली, सगळं नव्वदच्या आसपास समुद्राने नेलं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. म्हणाला, "समुद्राने नेलेलं आपण कशाला परत काढायचं? न्यायाधीशबाईंचं छापू. चांगलं छापू, फोटो मोठा घेऊ. सरांचंही छापू. मधलं तेवढं राहू दे."

मी म्हटलं, मग लेखिका म्हणून माझं नाव काढ. तो म्हणाला, अहो उत्सवाला मंत्री येणार आहेत. मी म्हटलं, त्यांनाही वाचता येत असेल.

प्रत तिथेच ठेवून आले. काय छापायचं ते त्यांनी ठरवावं. माझं नाव मात्र अर्ध्या गोष्टीखाली जाणार नाही.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आमच्या चर्चमधल्या दोघी रस्त्यात दिसल्या आणि पलीकडच्या बाजूला गेल्या. जिग्बोदीच्या आईच्या, याव्हा न्याकूच्या, वाट्याला हे छत्तीस वर्षं आलं. माझा पहिला दिवस.

२८ सप्टेंबर

काफुई पुन्हा आली. न कळवता. सरळ कडुनिंबाखाली गेली आणि वडिलांसमोर स्टुलावर बसली. मी ओट्यावर मासळी साफ करत होते, सगळं ऐकू येत होतं.

त्यांनी सुरुवात केली की तू किती लहान होतीस, डॉक्टरांनी आशा सोडली होती. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, मी वाचले ते मला आवडलंच. तुम्ही मका आणलात याचा मला राग नाही. मीही आणला असता. पण आता मी अडतीस वर्षांची आहे. माझ्यामागे लपायचं थांबवा."

ती उठली, आत आली, सुरी माझ्या हातातून घेतली आणि उरलेली मासळी साफ केली.

५ ऑक्टोबर

आज सकाळी त्यांनी पेटीतलं कापड काढलं, अंत्यविधीला आणि राजाकडे जाताना नेसतात ते. उन्हात टाकलं. मी काही विचारलं नाही. दुपारी म्हणाले, "क्लुत्सेला निरोप धाड. पुढच्या शनिवारी पलीकडे जायचंय, तोंड म्हणून चल म्हणावं." क्लुत्से त्यांचा चुलतभाऊ. कुणाच्या घरी गंभीर गोष्ट सांगायला जायचं तर आपण बोलत नाही, आपल्या वतीने बोलणारा माणूस नेतो. क्लुत्से हे काम चांगलं करतो. कुणाचीही गोष्ट त्याच्या तोंडून गोड लागते.

१२ ऑक्टोबर

होडीने गेलो. सेलॉर्मचे वडील, क्लुत्से, काफुई आणि मी. खाडीला पाणी कमी होतं, दोनदा नावाड्याला उतरून ढकलावी लागली. सेलॉर्मच्या वडिलांच्या मांडीवर जिनची बाटली, माफी मागताना रीतीप्रमाणे द्यायची, कापडात गुंडाळलेली.

न्याकूंचं घर धक्क्यापासून जवळच. मोठं अंगण, मासळीला धुरी द्यायच्या चार भट्ट्या, भोवती पाच-सहा घरं अंगणाला तोंड करून. याव्हा न्याकू पडवीत खाटेवर बसलेली, वाळलेल्या शेंगेसारखी, पण ताठ. तिच्या नातसुनेने पाणी आणून दिलं, बाकं मांडली. शेजारपाजारच्या बायका भट्ट्यांवर काम करत होत्या, त्यांचं चालू राहिलं. ऑफिसबाहेर बसलेली ती बाई मी तिच्यात शोधत होते, बाजारात कधी नीट पाहिलंच नव्हतं. डोळे तेच होते.

क्लुत्से उभा राहिला. खाकरला. पाणी एकाच खाडीचं, होड्या एकाच लाकडाच्या, अशी छान सुरुवात केली. म्हातारीने हात वर केला.

"हा कोण?" तिने नातसुनेला विचारलं.

"त्यांच्या वतीने बोलणारे."

"मका याने नेला होता?"

क्लुत्से खाली बसला.

सेलॉर्मचे वडील काठी टेकत उठले. कापड खांद्यावरून खाली ओढून कमरेला गुंडाळलं, मोठ्यांसमोर करतात तसं. शहाऐंशी वर्षांचा उघडा खांदा. बावीस वर्षं ज्या आवाजाने चारशे मुलं गप्प होत तो आवाज कुठं गेला कोण जाणे, जमिनीकडे पाहत ते म्हणाले, "तुमच्या मुलीने मका घेतला नव्हता. मी घेतला होता."

म्हातारीने कानाला हात लावला. नातसुनेने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "सर, आजीला कमी ऐकू येतं. जरा मोठ्याने."

त्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. एका भट्टीवरच्या दोन बायका वळल्या. म्हातारी मान हलवत राहिली. हात कानावरच.

मला वाटलं, आता मी सांगावं. उठायला लागले. काफुईने माझं मनगट धरून मला बसवलं.

मग त्यांनी मान वर केली, छाती भरून श्वास घेतला आणि पटांगणावर प्रार्थनेला बोलायचे त्या आवाजात ओरडून सांगितलं. "मका मी चोरला! जिग्बोदी न्याकू चोर नव्हती! चोर मी होतो!" कोंबड्या उडाल्या. अंगणातलं सगळं काम थांबलं. पलीकडच्या घराच्या दारातून एक जाडजूड म्हातारी बाहेर आली, पदराला हात पुसत, आणि तिथेच उभी राहिली.

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि तेवढ्याच मोठ्याने म्हटलं, "आणि तो मी वाटला, मी शिजवला, आणि तुमच्या मुलीचं नाव मी घेतलं." माझा आवाज फाटला. पण पोचला.

याव्हा न्याकूने कानावरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला.

"बसा आता," ती म्हणाली, अगदी हळू. "मला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं. कमी ऐकू येतं ते त्या दारात उभ्या असलेल्या मावुसीला."